अपंगांचे स्वावलंबन आणि आपले विहार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेले दोन-चार मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



वर्धापनदिनाची भाषणे आपल्याकडे ठरलेली असतात. धम्मक्रांती, आरक्षण, शिक्षण, अंधश्रद्धा. हे विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यावर बोलणारे आमच्यापेक्षा जाणकार वक्ते आज मंचावर आहेत. म्हणून कार्यकारिणीने आम्हांस वेळ दिला तेव्हा आम्ही आधीच सांगून टाकले की आम्ही घरातल्या वस्तूंवर बोलणार. पंखा, दिव्याचे बटण, दाराची कडी, मोरीतला पाईप, संडासाचे भांडे. दोघे-तिघे हसले. एकाने विचारलं, "काय, इलेक्ट्रिकचं दुकान टाकताय काय?" दुकान टाकत नाही. पण ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ती माणसे आज या मंडपात नाहीत, म्हणून बोलावे लागते.

ती का नाहीत? जरा मागे वळून विहाराच्या दाराकडे बघा. तीन पायऱ्या आहेत. सात-सात इंचांच्या. तुम्ही-आम्ही त्या कधी मोजल्या नाहीत, कारण आपले पाय त्या न मोजता चढतात. आपल्याच गल्लीत अशी माणसे आहेत, ज्यांनी विहाराचा कळस गॅलरीतून पाहिला, आतली बुद्धमूर्ती मात्र फोटोतच पाहिली.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले. त्यांपैकी महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार. त्यानंतर 2016 साली नवा अपंग हक्क कायदा झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. त्यात सिकलसेलही आला. विदर्भातल्या आपल्या कित्येक बौद्ध घरांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे, आणि विदर्भातून इकडे पोटासाठी आलेल्या कुटुंबांना तो काय असतो हे सांगायला नको. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्याच्या घरचा आहे असे कोणी समजू नये.

आम्ही 'अपंग' हा शब्द वापरतो, त्याबद्दल एक खुलासा. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि आता तोच सरकारी झाला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 पासून त्या नावाचा वेगळा विभागही आहे. कोणाला तो शब्द आवडत असेल तर आमची तक्रार नाही. पण देशातल्या अपंगांच्या संघटनांनीच त्याला हरकत घेतली होती, ती आम्हांस पटते. आपल्याला हे नवे नाही. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' शब्द कायद्यात घालू लागले तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले होते. देवाचे नाव चिकटवले की हक्क द्यायची गरज उरत नाही, अशी त्यात सोय असते. ज्याला संडासात एकट्याने जाता येत नाही त्याला 'दिव्य' म्हणून काय उपयोग? त्याला तिथे भिंतीला एक पाईप पाहिजे.

आता आपल्याला अडचणीचे वाटेल असे बोलतो. आपल्या घरांत आजही, पंचशील घेतलेल्या घरांत, अपंग मूल जन्मले की म्हातारी माणसे कुजबुजतात, "मागल्या जन्माचं काहीतरी असेल." हे कुठून येते? काही प्रमाणात जुन्या बौद्ध वाङ्मयातही ते आहे, लपवून काय फायदा! धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच गोष्ट चक्खुपाल थेरांची आहे. ते अंध होते. चंक्रमण करताना त्यांच्या पायांखाली किडे मेले, इतर भिक्खूंनी तक्रार केली आणि तथागतांनी सांगितले की हेतू नव्हता म्हणून दोष नाही. इथपर्यंत गोष्ट फार सुंदर आहे. पुढे मात्र अट्ठकथाकार सांगतो की चक्खुपाल गेल्या जन्मी वैद्य होते, त्यांनी एका बाईचे डोळे घालवले, म्हणून या जन्मी त्यांचे गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगावे लागते ही कल्पना बुद्धाची असूच शकत नाही, असे स्पष्ट मांडले आहे. आणि का मांडले? कारण याच कल्पनेने आपल्या वाडवडिलांना सांगितले होते की तुम्ही अस्पृश्य जन्मला तो तुमच्याच पापाने. ज्या तर्काने आपण अस्पृश्य ठरलो तोच तर्क आपण पोलिओ झालेल्या पोरीला लावायचा? निदान या विहारात तरी ते चालणार नाही.

त्यापेक्षा विनयपिटकाच्या महावग्गातला प्रसंग घ्या. एक भिक्खू जुलाबाने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. तथागत आणि आनंद तिथे आले. तथागतांनी त्याला विचारले की तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी करीत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग संघ बोलावून नियम घालून दिला की भिक्खूंनी एकमेकांची सेवा करायची. त्याच ठिकाणी सेवा करणारा कसा असावा आणि रोगी कसा असावा हेही सांगितले आहे. सेवा करणाऱ्याला मलमूत्राची किळस नसावी. रोग्याने आपल्याला काय सोसते, काय सोसत नाही, हे मोकळेपणी सांगावे. म्हणजे त्या काळीसुद्धा रोग्याला तोंड होते! आपल्याकडे अपंगाला सोडून त्याच्या आईलाच विचारतात, "ह्याला चहा चालेल का?"

(विनयात भिक्खू होण्यासाठी शरीराच्या काही अटी आहेत, हे आम्ही वाचलेले आहे. त्याची कारणे भन्तेजी सांगतील. उपासक-उपासिका होण्याला मात्र तसली कोणतीच अट नाही.)

आता बाबासाहेबांकडे पाहा. आपल्या प्रत्येक पुतळ्यात त्यांना चष्मा आहे. चष्म्याशिवायचे बाबासाहेब आपल्याला ओळखूच येणार नाहीत. शेवटच्या वर्षांत त्यांना मधुमेह होता, पाय दुखत, नजर मंदावली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षेच्या व्यासपीठावर ते आले तेव्हा हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता. चष्मा, काठी आणि एक खांदा. एवढ्या आधारावर त्या माणसाने लाखोंचा धर्म बदलला. चष्मा हेसुद्धा अपंगत्वावरचे साधनच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 सालच्या अहवालात चष्मा, कानाचे यंत्र, चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय हे सगळे एकाच यादीत धरले आहे, आणि जगात 250 कोटींहून जास्त माणसांना यातले एकतरी साधन लागते असे म्हटले आहे. त्यांपैकी जवळजवळ 100 कोटींना ते मिळत नाही. ज्यांना मिळत नाही ते कोणत्या देशांत आणि कोणत्या वस्त्यांत राहतात, हे आम्ही सांगायला पाहिजे असे नाही.

घरातल्या साधनांची गोष्ट इंग्लंडमध्ये कशी सुरू झाली ते थोडे सविस्तर सांगतो. स्टोक मँडव्हिल नावाचे हॉस्पिटल आहे. तिथे 1944 साली लुडविग गुटमान या डॉक्टरांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग काढला. हे गुटमान जर्मनीतून हिटलरच्या छळामुळे देश सोडून आलेले ज्यू. आज ज्याला पॅरालिम्पिक म्हणतात त्या खेळांचे मूळ याच हॉस्पिटलच्या अंगणात आहे. तिथे 1960 च्या सुमारास रेग मेलिंग नावाचा एक गृहस्थ रोग्यांना भेटायला जात असे, आपल्याकडे सामाजिक कार्यकर्ते जातात तसा. त्याने पाहिले की मानेपासून खाली लुळ्या पडलेल्या रोग्याला नर्सला बोलवायचे तर एकच साधन, तोंडात शिट्टी. बाकी दिवा लावायचा, रेडिओ बदलायचा, सगळ्याला दुसऱ्याची वाट पाहायची.

मेलिंगने विचार केला की या माणसाजवळ काय शिल्लक आहे? श्वास आहे. त्याने एक नळी तोंडाशी आणली. नळीत फुंकर मारली किंवा हवा ओढली की दाबाने एक स्विच चालतो. समोर पाटीवर वस्तूंची नावे, दिवा, घंटी, रेडिओ, टेलिफोन, आणि त्यावरून खूण पुढे सरकत जाते. पाहिजे त्या नावावर आली की रोग्याने श्वासाने निवड करायची, मागे रिले बसवलेला असतो तो खट्‌कन लागतो. पुढे त्यावर टाईपरायटरही चालू लागला. हातपाय न हलवता माणूस पत्र लिहू लागला. या यंत्राला नाव दिले 'पोसम'. इंग्रजी नावाची आद्याक्षरे तशी जुळतात, आणि लॅटिन भाषेत 'पोसम' म्हणजे 'मी करू शकतो'. नाव ठेवावे तर असे.

यात विज्ञान काही फार मोठे नव्हते. स्विच, रिले, वायर. आपल्या गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातल्या कोणाही फिटरला समजेल असे. मोठी गोष्ट ही होती की कोणीतरी पलंगाजवळ बसून, याला काय येत नाही हे मोजण्याऐवजी काय येते ते पाहिले.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. एड रॉबर्ट्स. चौदाव्या वर्षी, 1953 साली पोलिओ झाला. मानेखाली शरीर गेले, डाव्या हाताची दोन बोटे तेवढी हलत. श्वासासाठी रात्री लोखंडी पेटीत झोपावे लागे, तिला 'आयर्न लंग' म्हणत. 1962 साली त्याने बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला, भांडून. पण राहायचे कुठे? त्या पेटीचे वजन 360 किलोच्या घरात, वसतिगृहाची जमीन ते पेलणार नाही. शेवटी विद्यापीठाच्याच दवाखान्यात एका खोलीत त्याला ठेवले. त्याच्यामागून आणखी अपंग विद्यार्थी तिथे आले. रात्री बसून त्यांची चर्चा चाले आणि त्या चर्चेतून 1972 साली बर्कलेत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभे राहिले. तिथे काय होते? चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायचा वर्कशॉप, मदतनीसांची यादी, आत जाता येईल अशा घरांची यादी. चालवणारे अपंग स्वतः. 1975 साली हाच एड रॉबर्ट्स कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला. 1995 साली तो वारला.

त्यांनी 'स्वावलंबन' शब्दाचा अर्थच बदलला, हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण समजतो स्वावलंबी म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणारा. ते म्हणाले, तसे नव्हे. कपडे दुसऱ्याने चढवले तरी चालेल, पण कोणते घालायचे, कधी उठायचे, दार कोणाला उघडायचे, हे ज्याचे तो ठरवतो तो स्वावलंबी. मोठमोठे शेटजी तरी कुठे स्वतः गाडी चालवतात? त्यांना परावलंबी कोणी म्हणत नाही, कारण हुकूम त्यांचा असतो. याच विचाराला 2006 साली संयुक्त राष्ट्रांच्या करारात जागा मिळाली. त्याचे एकोणिसावे कलम स्वतंत्र राहण्याच्या हक्काचे आहे, आणि भारताने 2007 साली त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली.

आणखी एक, जे आपल्या माणसांना ठाऊक असावे. 1977 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शंभर-दीडशे अपंगांनी सरकारी कचेरीत ठिय्या दिला. भेदभावाविरुद्धचा कायदा 1973 साली झाला होता, पण त्याचे नियम सही होऊन निघत नव्हते. जुडी ह्यूमन ही चाकाच्या खुर्चीवरची बाई पुढे होती. जवळजवळ महिनाभर ते लोक आतच राहिले. ज्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते अशा माणसाने जमिनीवर झोपून काढलेला महिना! आणि त्यांना रोज गरम जेवण कोणी आणून दिले? ब्लॅक पँथर पार्टीने. त्यांचा ब्रॅड लोमॅक्स नावाचा एक कार्यकर्ता स्वतः चाकाच्या खुर्चीवर त्या ठिय्यात होता. ज्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन 1972 साली आपल्या मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली, तीच ही संघटना. एप्रिलच्या अखेरीस नियमांवर सही झाली.

आपल्या महाराष्ट्रातही नसीमा हुरजूक यांनी 1984 साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. नोकरी करीत करीत त्यांनी शेकडो मुलांसाठी वसतिगृह, शाळा, साधने तयार करण्याचा वर्कशॉप असे काम उभे केले. त्यांचे आत्मचरित्र 'चाकाची खुर्ची' आपल्या वाचनालयात असले पाहिजे.

आता आपल्या गल्लीत येऊ.

आपल्यातला एक मुलगा बांधकामावर परांचीवरून पडला. मानेला मार लागला. हात थोडेसे चालतात, बोटे मिटत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही चार-पाच जण फळे घेऊन भेटायला गेलो. तो म्हणाला, "काका, फळं नकोत. ते पंख्याचं बटण माझ्या हातात द्या." आई पहाटे कामाला जाते ती दुपारी येते. डिसेंबरात पंखा चालू राहिला तर तो कुडकुडत पडून राहायचा, मे महिन्यात बंद राहिला तर घामाने पाठ भिजायची, आणि अशा ओल्या पाठीला जखमा होतात. शेजारणीला हाका मारायची लाज वाटते म्हणाला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, पंख्यासाठी किती वेळा हाक मारणार?

आपल्या मंडळातल्या वायरमन पोराने पंख्याला रिमोटचा रेग्युलेटर बसवला. खर्च हजाराच्या आत-बाहेर. रिमोटची बटणे बारीक, ती त्याला दाबता येईनात. मग त्यावर लाकडाची जाड चकती चिकटवली, ती हाताच्या मुठीने दाबता येते. दिव्याला दुसरा रिमोट. तिसरी वस्तू बिनवायरची घंटी. दुकानात दारासाठी मिळते तीच, तीन-चारशे रुपयांची. तिचे बटण त्याच्या उशाशी आणि वाजणारा डबा शेजारच्या खोलीत. आता हाक मारावी लागत नाही. त्याची आई म्हणते की या घंटीपासून पोरगा कमी चिडतो. आम्ही म्हणतो, चिडणारच की! दुसऱ्याच्या मर्जीवर दिवसभर पंखा चालला तर आपणही चिडू.

दुसरे उदाहरण साचाखात्यात उभी हयात काढलेल्या एका म्हाताऱ्या दादांचे. साचाखात्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना माहीत आहे, तिथे ओठ पाहून आणि बोटांच्या खुणांनीच बोलायचे. तीस वर्षांत कान गेले. आता घरी एकटे असले की दार वाजलेले कळत नाही. गॅसवाला परत जातो, पोस्टमन परत जातो, सून बाहेर तासभर उभी. उपाय काय, तर दाराच्या बेलबरोबर घरात एक दिवा जोडला. बेल दाबली की दिवा पेटतो. पहाटेच्या गजरासाठी मोबाईल थरथरण्यावर लावून उशीखाली ठेवायचा. झाले.

अंध माणसाच्या घरात तर बिनपैशाच्या गोष्टी आहेत. स्विचबोर्डावर पंख्याच्या बटणावर एम-सीलचा एक ठिपका, दिव्याच्या बटणाला काही नाही. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. वस्तूंची जागा बदलायची नाही, ही शिस्त मात्र डोळसांनी पाळायची. मोबाईल आता पडद्यावरचे मराठीत वाचून दाखवतो, मराठीत बोललेले टाईप करतो. नोट कितीची आहे हे सांगणारे 'मणी' नावाचे ॲप रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 पासून दिले आहे, फुकट. आपल्या तरुणांनी रील पाहता पाहता आजोबांच्या फोनमध्ये एवढे घालून द्यावे.

मोरी आणि संडासाबद्दल बोलायला लोक लाजतात, पण माणसे पडतात तिथेच. भिंतीला धरायचा स्टीलचा पाईप लावा, मूठ आवळता येईल इतका जाड. तो विटेच्या पक्क्या भिंतीत फास्टनर ठोकूनच लावायचा. प्लायवूडच्या पार्टिशनला लावलेला पाईप म्हणजे पडायची हमी. टॉवेलच्या दांडीला धरून तर कधीच उठू नये. ओल्या जागी खरखरीत लादी. बसता येत नसेल त्याला मध्ये भोक असलेली पॉटची खुर्ची. आणि बायकांच्या बाबतीत आणखी एक, दाराची कडी बसल्या जागेवरून आतून लावता आली पाहिजे. अपंग पोरीला आंघोळीला दार उघडे टाकून बसावे लागते, हे किती घरांत चालते ते महिला मंडळाच्या भगिनींना विचारा. कडी दोन फूट खाली घ्यायला सुताराला अर्धा तास लागतो.

बोलून चालणारी यंत्रेही आता निघाली आहेत. "दिवा लाव" म्हटले की दिवा लागतो. ज्याचे हात गेले त्याला हे वरदान आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण नेट गेले, लाईट गेली की ते मुके होते. म्हणून त्याच्या जोडीला बॅटरीवरची साधी घंटी असावीच. शिवाय ते यंत्र घरातले बोलणे ऐकत असते, आणि ते बोलणे कंपनीकडे जाते, हे घेणाऱ्याने समजून घ्यावे. आम्ही गिरणीतली माणसे यंत्राच्या नावाला दचकतो. गिरणीत नवे यंत्र आले की माणूस कमी व्हायचा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. इथे उलटे व्हायला पाहिजे. घंटी बसवली म्हणून शेजाऱ्याने डोकावणे सोडले, मुलाने म्हाताऱ्याला यंत्राच्या भरवशावर कोंडून गावी जाणे सुरू केले, तर त्या यंत्राला आग लागो.

चाळीच्या 160 चौरस फुटांत चाकाची खुर्ची वळत नाही. तिला वळायला पाच फुटांची जागा लागते. पण आता जागोजागी पुनर्विकास चालला आहे. करार होताना आपण किती चौरस फूट, किती कॉर्पस, किती भाडे यावर रात्र-रात्र भांडतो. संडासाचे दार किती रुंद, हे कोणी विचारते का? खुर्ची सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद, आणि बिल्डर संडासाला दार देतो सव्वादोन-अडीच फुटांचे. कशीबशी शिरलीच, तर खुर्ची ढकलणाऱ्याच्या हाताची साले निघतात. तीन फुटांचे दार मागा, उंबरठा नको म्हणा. नकाशा पास होण्याआधी मागितले तर खर्च नाही, नंतर भिंत फोडावी लागते. लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या, अशा इमारती आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की सार्वजनिक जागा सुगम करण्याचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा. तो निकाल हातात धरून बोला.

पैशाचे काय, असे विचाराल. ज्यांचे अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक आहे त्यांना प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. ते आधी काढा, बाकी सगळे त्याच्या मागून येते. साधने देण्याची केंद्राची 'एडिप' योजना 1981 पासून आहे. कानपूरचा सरकारी कारखाना 'अलिम्को' खुर्च्या, कुबड्या, तीनचाकी बनवतो, त्या शिबिरांतून मिळतात. आणि महाराष्ट्रात महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा आहे. नगरसेवक कमानीसाठी पैसे घेऊन येतात तेव्हा त्यांना या पाच टक्क्यांचा हिशेब विचारा. एका कचेरीत आम्ही तो विचारला तर साहेब म्हणाले, "तुमच्या घरात कोण अपंग आहे?" म्हटलं, कोणी नाही. "मग तुम्ही कशाला विचारता?" हा प्रश्न तुम्हालाही येईल, तयारीत राहा.

शेवटी विहाराचे. कार्यकारिणीपुढे आम्ही लेखी ठेवले आहे, इथे सर्वांसमक्ष सांगतो. तीन पायऱ्या मिळून एकवीस इंच. एकास बारा हे उताराचे प्रमाण, म्हणजे एका इंचाला एक फूट. एकवीस फूट लांब उतार लागेल, मध्ये विसाव्याला पाच फूट सपाट, दोन्ही बाजूंना कठडा. मोटारसायकल चढवायला केलेला उतार म्हणजे रॅम्प नव्हे, त्यावरून खुर्ची सुटली तर माणूस थेट गटारात. पिंपळाच्या पाराच्या बाजूने एवढी जागा निघते, आम्ही टेप लावून पाहिली आहे. यंदा जमलेल्या वर्गणीतून कमानीला नवी फरशी लावायचे ठरत आहे. आमचे म्हणणे, फरशी पुढच्या वर्षी. काही सभासदांना हे रुचलेले नाही, कमानीने विहाराची शोभा वाढेल असे ते म्हणतात. त्यांचेही विहारावर प्रेम आहे. पण शोभा कोणी पाहायची, याचाही विचार व्हावा.

दुसरी मागणी बिनखर्चाची. आपल्या घराघरांत पोटमाळ्यावर वॉकर, कुबड्या, पॉटच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या पडून आहेत. म्हातारे माणूस गेले, पुण्यानुमोदन झाले, वस्तू वर टाकली. आणि तीन घरे सोडून दुसऱ्याला तीच वस्तू भाड्याने आणावी लागते. विहाराच्या मागच्या खोलीतल्या खुर्च्या-सतरंज्या एका बाजूला सारल्या तर तिथे सामानाची पेढी होईल. वहीत नोंद करून न्यायचे, काम झाले की धुऊन परत आणायचे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपला वायरमन मुलगा, एक सुतार आणि आम्ही घरोघर फिरणार आहोत. ज्यांच्या घरी अपंग किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांनी नाव महिला मंडळाकडे द्यावे. बोलायचे त्या माणसाशीच, घरच्यांनी मध्ये उत्तर देऊ नये, एवढी विनंती. ज्यांच्याकडे वस्तू पडून आहेत त्यांनी त्या काढून, पुसून ठेवाव्यात. न्यायला पोरे येतील.

नमो बुद्धाय. जयभीम.